कर्तव्यावर प्राण गेलेल्या जवानाच्या घरासाठी व्यायामातून निधी : आधी फाइल, मग कार्यक्रम

लालबागच्या एका व्यायामशाळेच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे : "आमच्याकडे रोज पहाटे यायचा तो अग्निशमन दलाचा जवान वर्दीवर, म्हणजे मदतीच्या कॉलवर, असताना गेला. मागे बायको, दोन लहान मुलं आणि आई. व्यायामशाळेत साठेक मुलं-मुली आहेत. १४ एप्रिलच्या सुमारास व्यायामाचा काहीतरी उपक्रम करून त्यांच्यासाठी पैसे उभे करायचे आहेत. साधारण किती जमतील, परवानग्या कोणत्या लागतात आणि उपक्रमात नक्की काय ठेवावं?"

गेली बारा वर्षं मी परळ-दादर पट्ट्यात असे उपक्रम घेत आलोय, तेव्हा तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण त्याआधी तुम्ही न विचारलेला प्रश्न : त्यांच्या घरी कोणी जाऊन आलं का? भेटायला सगळेच जातात, मी विचारायला जाण्याबद्दल बोलतोय. आपला पैसा त्यांना हवा आहे का, कोणाच्या नावाने हवा, फोटो लावलेला चालेल का, मुलांना तिथे आणावंसं वाटतं का. वहिनींना वेगळं विचारा आणि आईंना वेगळं विचारा. दोघी एकाच खोलीत बसलेल्या असताना कोणी मनातलं बोलत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही हे विचारलं नव्हतं आणि ते मला आजही लागतं. एका पोलीस हवालदाराच्या कुटुंबासाठी धावण्याचा कार्यक्रम होता. शेवटी वहिनींना स्टेजवर बोलावून चार फुटी पुठ्ठ्याचा चेक हातात दिला. एका हाताने त्या पदर सावरत होत्या, दुसऱ्या हातात तो पुठ्ठा मावत नव्हता. फोटोवाला "थोडं वर, अजून थोडं वर" म्हणत होता. त्यांचा सात वर्षांचा मुलगा त्यावरची शून्यं मोठ्याने मोजत होता. खरा चेक आम्ही पाकिटात घालून दिला होता आणि तो कपाटात पडून राहिला. नवऱ्याचं पगाराचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, बँकेने ते थांबवलेलं. वहिनींचं स्वतःचं खातंच नव्हतं. उघडायला गेल्या तर आधार कार्ड माहेरच्या नावाचं आणि चेक सासरच्या नावाचा. चेकची मुदत तीन महिने. ती उलटून गेल्यावर त्यांच्या भावाने बिचकत फोन केला. चार महिने त्या घरात किराणा उधारीवर चालला होता आणि आमच्यापैकी एकानेही साधी चौकशी केली नव्हती.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी फाइल, मग निधी, कार्यक्रम सगळ्यात शेवटी.

फाइल म्हणजे खरोखरची, बटण लागणारी प्लास्टिकची फाइल. व्यायामशाळेतली दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई असू द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती, लग्नाचा दाखला, वहिनींचं आधार आणि पॅन, मुलांचे जन्मदाखले, सेवापुस्तकातलं नामनिर्देशन, वारस दाखल्याचा अर्ज. प्रत्येक कागदावरचं नाव दुसऱ्या कागदाशी अक्षरशः बोट ठेवून ताडून बघा. एका ठिकाणी आडनाव माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी नावापुढे 'बाई' जोडलेलं, एवढ्या फरकावर फाइल महिनोन्महिने फिरत राहते. पहिल्या आठवड्यात वहिनींच्या नावाने खातं उघडून द्या. तुमच्या व्यायामशाळेकडून या घराला मिळालेली ही पहिली मदत असेल आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

दलातल्या कायम नोकरीच्या माणसामागे भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा, निवृत्तिवेतनाचा हक्क, सानुग्रह अनुदान, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी असं बरंच काही असतं. पण ते सगळं मिळायचं असतं, मिळालेलं नसतं. मधल्या महिन्यांत मुलांची फी, गॅस, सासूबाईंची औषधं आणि पतपेढीच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. पतपेढीबद्दल मुद्दाम विचारा. बऱ्याचदा कर्जाला जामीनदार त्याच स्टेशनवरचे सहकारी असतात आणि हप्ता थकला की घरच्यांना त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. तुमचा पैसा या मधल्या महिन्यांसाठी आहे, हे एकदा मनात पक्कं झालं की किती जमवायचे हा प्रश्नही सोपा होतो. घराचा महिन्याचा खर्च काढा आणि त्याला बाराने गुणा. आकडा तिथून घ्या.

उद्या हाच उपक्रम कंत्राटी माणसाच्या घरासाठी करायची वेळ आली, रुग्णवाहिकेचा चालक किंवा चौपाटीवरचा जीवरक्षक, तर फाइलचं महत्त्व दुप्पट. त्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमा असतो, त्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. राज्य कामगार विमा लागू असेल तर अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो. तो नसेल तर कायद्याने मालकाकडून भरपाई मागता येते. पगाराची स्लिप शोधा आणि तिच्यावर काय कापलं आहे ते वाचा. एका संध्याकाळी वाचलेल्या स्लिपमधून साठ जणांनी वर्षभर घाम गाळून जमवलेल्या निधीपेक्षा जास्त निघू शकतं.

आता पैसे किती जमतील. नेहमीचा मार्ग म्हणजे ५०० रुपये प्रवेश फी, टी-शर्ट, मेडल, नाश्ता. २०० माणसं आली तर लाख रुपये. त्यातून टी-शर्टला माणशी २२०, मेडलला ९०, नाश्ता-पाण्याला ८०, मांडव, स्पीकर आणि बॅनरला मिळून १५,००० धरा. घराला उरतात ७,०००. हे दर मी अंदाजाने घेतलेत, तुमच्या बाजारातले घालून हिशेब स्वतः करून पाहा. माणसं मनापासून येतात, लाख रुपये दिल्याच्या समाधानात घरी जातात, आणि त्यातला जेमतेम चौदावा हिस्सा घरापर्यंत पोहोचतो. हे मला सहन होत नाही.

त्याऐवजी नोंदीचा कागद काढा. तुमच्या साठ मुलांपैकी प्रत्येकाने पाच माणसं शोधायची : काका, शेजारी, दुकानदार, ऑफिसातले साहेब. प्रत्येकाने मुलाच्या एका सूर्यनमस्कारामागे ५ रुपये द्यायचं कबूल करायचं. मुलाने ६६ सूर्यनमस्कार घातले की एका देणाऱ्याचे ३३० होतात. ६० मुलं, पाच देणारे, ३३० रुपये, एकूण ९९,०००. खर्च फक्त छापील कागदाचा. नाश्त्याला पोहे घरोघरून येऊ द्या. कबूल केलेले पैसे पंधरा दिवसांत गोळा करा, त्यानंतर मागायला जाणाऱ्यालाही संकोच होतो आणि देणाऱ्यालाही. टी-शर्ट हवाच असेल तर व्यायामशाळेचा जुना घाला.

६६ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. बंब पोहोचले, जवान पाणी मारत राहिले, आणि दुपारी चारच्या सुमाराला बोट फुटली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तुमच्या मुलांनी ६६ का, ते आधी समजून घ्यावं आणि मग नमस्कार घालावेत. माझ्याकडे पहिल्या ओळीत उभी राहणारी मुलगी दर दहा नमस्कारांनी थांबून आकडा मोठ्याने सांगते. चाळीसच्या पुढे गेल्यावर अंगण शांत होतं, फक्त श्वास ऐकू येतात.

आकड्याला माणसाशी बांधायची ही पद्धत बाहेरही रुजली आहे. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ ला ११० मजली जुळ्या टॉवरवरच्या हल्ल्यात ३४३ अग्निशामक गेले. त्यांच्यासाठी अमेरिकेत ११० मजले जिना चढण्याचे कार्यक्रम होतात आणि तो निधी कर्तव्यावर गेलेल्या अग्निशामकांच्या कुटुंबांसाठी जातो. स्टीफन सिलर नावाचा अग्निशामक त्या दिवशी ड्युटी संपवून निघाला होता. बातमी कळल्यावर तो मागे फिरला. वाटेतला बोगदा गाड्यांना बंद झालेला दिसल्यावर सुमारे २७ किलोचं सामान पाठीवर घेऊन तो बोगद्यातून धावत टॉवरकडे गेला. त्याच वाटेवर २००२ पासून दरवर्षी ५ किलोमीटरची दौड होते. जिममध्ये जाणारी तुमची मुलं 'मर्फ' ओळखत असतील : एक मैल धावणं, १०० पुलअप, २०० पुशअप, ३०० स्क्वॉट, पुन्हा एक मैल. तो अफगाणिस्तानात २८ जून २००५ ला मारल्या गेलेल्या एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या नावाने आहे. चांगला व्यायाम आहे, पण तो त्यांच्या माणसाचा. आपल्याकडे आपली माणसं आहेत. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. मी ६६ नमस्कारांनंतर जिन्याच्या चार फेऱ्या ठेवतो, त्या या चौघांसाठी. तुमच्या जवानासाठी काय ठेवायचं ते वहिनींना विचारा. त्यांना ठाऊक असेल तो कोणता व्यायाम हौसेने करायचा.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला करायला लावा. ओळखीच्या निवृत्त फायरमनला बोलवा आणि जुना, वापरातून काढलेला होज (बंबाचा पाण्याचा पाइप) मिळाला तर आणायला सांगा. आमच्याकडे आलेले काका काही न बोलता होजची गुंडाळी अंगणात ठेवायचे, एक टोक पायाखाली दाबायचे आणि दुसरं टोक धरून ती फेकायचे. शहाबादी फरशीवर पितळी कपलिंग खणकन आपटायचं आणि पंधरा मीटरची पट्टी सरळ रेषेत उलगडायची. मग ते मुलांना विचारायचे, "उचलशील?" कोरडा होज कोणीही उचलतं. मग ते हिशेब सांगायचे : ६३ मिलिमीटर व्यासाच्या पंधरा मीटर होजमध्ये साधारण ४७ लिटर पाणी मावतं. म्हणजे ४७ किलो, वर दाब, आणि हे अंधाऱ्या जिन्यावरून, पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेची टाकी) घेऊन वर न्यायचं. आम्ही मग वाळूच्या पिशव्या बांधून तो होज जोडी-जोडीने अंगणभर ओढायला लावतो. ओढून झाल्यावर पोरं त्या काकांजवळ जाऊन बसतात. त्या दिवशी कुठल्याच भाषणाची गरज पडत नाही.

आता काळजी कशाची घ्यायची. एप्रिलमध्ये मुंबईच्या हवेत दमटपणा इतका की घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. सहाला सुरू करा, आठच्या आत संपवा. कोणी अडखळत चालायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर त्याला बसवून वारा घालत बसू नका. तो उष्माघात असू शकतो. आधी बर्फ आणि थंड पाण्याने अंग गार करा, तेवढ्यात रुग्णवाहिका बोलवा. दुसरं, ज्याला सवय नाही त्याने जिद्दीने शेकडो बैठका मारल्या तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतो. एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच डॉक्टर. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. ६६ जमत नसतील तर चौघांनी मिळून घाला, देणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही. जिना चढवा, उतरताना लिफ्ट वापरू द्या, गुडघे उतरताना जातात. चाळिशीपुढच्यांचा रक्तदाब तिथेच मोजा. आणि रुग्णवाहिका भाड्याने घ्या. १०८ ची गाडी आपल्या कार्यक्रमाला अडवून ठेवायची नाही, ती त्या वेळी कोणाच्या तरी दारात लागणार असते.

तारीख. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती असते, दादर-नायगावपासून तुमच्यापर्यंत पोलीस बंदोबस्तात असतात. तुमच्या कार्यक्रमाला परवानगी द्यायची, माणूस पाठवायचा, हा त्यांच्यावर आणखी भार. सप्ताहातला रविवार धरा. अंगणात घेतलात तर स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र आणि स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी. मैदानासाठी महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. रस्त्यावर धावायचं म्हटलं की वाहतूक पोलीस आले. पहिल्या वर्षी रस्ता टाळा.

पैशाच्या परवानगीकडे मात्र दुर्लक्ष नको. तुमची व्यायामशाळा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर घटनेतली उद्दिष्टं काढून वाचा, अशी मदत त्यात बसते का ते बघा. नोंदणी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. वरळीला ॲनी बेझंट रोडवर कार्यालय आहे, मंडळातल्या कोणाला तरी वाट पाठ असेल. सेक्रेटरींच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवरचा क्यूआर कोड कधीही फिरवू नका. तुम्ही कितीही स्वच्छ असलात तरी सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आणि तेव्हा घरच्यांचं नाव त्या चर्चेत ओढलं जातं.

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत पैसे द्यायचं आणखी एक कारण आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मिळाली तर ती सगळी आयकराच्या हिशेबात उत्पन्न धरली जाते. आयकर खात्याकडे नोंद असलेल्या धर्मादाय संस्थेकडून आली तर त्यातून सूट आहे. देणाऱ्यांना देणगीवरची आयकर सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, हवी असते, तीही अशाच संस्थेकडून मिळते, फक्त २,००० च्या वरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत. आम्ही आमच्या भागातल्या एका जुन्या ट्रस्टला विनंती करून त्यांच्या खात्यात वेगळं पान उघडून घेतलं. एखादा चांगला सीए एका बैठकीत हे सगळं मार्गी लावून देतो, बहुतेक जण अशा कामाला पैसे घेत नाहीत.

बॅनर लावायची इच्छा असलेले स्थानिक पुढारी येतील. त्यांना नम्रपणे सांगा की या अंगणात फोटो कोणाचाच नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. मी बारा वर्षांत हे वाक्य खूपदा बोललो आहे आणि कोणी रागावलेलं नाही. बरेच जण बॅनरचे पैसे निधीत देऊन जातात.

आणि एकदम सगळी रक्कम हातात ठेवू नका. एवढा पैसा घरात आला की गावाकडून दूरचे पाहुणे येतात, कोणाला धंद्याला हवे असतात, कोणाला घराच्या दुरुस्तीला. वहिनींना नाही म्हणता येत नाही. त्यांची संमती असेल तर वर्षभराचा घरखर्च दरमहा ठरावीक तारखेला त्यांच्या खात्यात जाऊ द्या, शाळेची फी थेट शाळेला भरा. उरलं तर पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत त्यांच्या नावाने ठेवता येतं, तिथे एकट्याच्या नावे ९ लाखांपर्यंत मर्यादा आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं आई उघडू शकते. हिशेबाचा एक कागद दर तीन महिन्यांनी देणाऱ्यांना पाठवा : किती आले, कुठे गेले, किती शिल्लक. घरच्यांचं नाव न घालता.

पहिलं वर्ष सगळ्यांच्या लक्षात असतं. दुसऱ्या वर्षी गर्दी निम्म्यावर येते आणि तिसऱ्या वर्षी मुलांची शाळा बदलायची वेळ असते. तुमच्या साठांपैकी सहा जणांनी तीन वर्षांची जबाबदारी लिहून घ्या, सही करा, कागद फाइलमध्ये लावा. दर जूनला फोन करायचा : वह्या, रेनकोट, बसचा पास. त्या हवालदाराच्या घरी मी अजून दर जूनला फोन करतो. शून्यं मोजणारा मुलगा आयटीआय करून या वर्षी शिकाऊ उमेदवारीवर लागला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, या वेळी आमचं राहू दे. ते पैसे ज्या घरी आत्ता लागतायत तिथे द्या." ते १८,००० रुपये ट्रस्टच्या खात्यात बाजूला ठेवलेत. तुमच्या वहिनींचं खातं उघडलं आणि फाइलमधली नावं जुळली की मला कळवा.